वाडग्याचं नामांतर

अप्पा, तुझ्या शोकसभेत लोक इतकं गोड बोलले की तू असतास तर तंबाखूचं निमित्त करून बाहेर गेला असतास. खोटं तुला चालत असे. गोड खोटं पेलत नसे. मठाच्या सभागृहात सतरंज्या कमी पडल्या, मागचे लोक उभे राहिले. ज्यांना तू ओलं सागवान सुकं म्हणून विकलंस तेही डोळे पुसत होते. एकाने तुला कर्मयोगी म्हटलं, दुसऱ्याने त्यावर कडी करून ऋषितुल्य म्हटलं. मानवत गावच्या वखारवाल्याला ऋषी व्हायला फक्त मरावं लागतं, एवढं मला त्या दिवशी समजलं.

टेबलावर तुझा फोटो होता आणि फोटोपुढे तो वाडगा. बाभळीचा. बाहेरून काळी खडबडीत साल काठाला तशीच राखलेली, सालीच्या आत फिकट पट्टा आणि पोटात तांबूस गाभा. त्यात कुणीतरी झेंडूची फुलं भरली होती. सूत्रसंचालन करणारे म्हणाले, "अप्पांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला हा वाडगा त्यांचे चिरंजीव शिवराज वाचनालयाला देणार आहेत. काचेच्या पेटीत राहील. खाली अप्पांचं नाव राहील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हेही आता सांगावं लागतं.

मग मला उभं केलं. अप्पांचे जिवलग मित्र, चित्रकलेचे निवृत्त गुरुजी. मी म्हणालो, "अप्पांनी मला पाहायला शिकवलं." हे खरं होतं. त्याच्यापुढचं वाक्यही माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळून मी खाली बसलो आणि सगळ्यांबरोबर चहा प्यायलो. ते गिळलेलं वाक्य आता लिहितो. तू मध्ये बोलू शकत नाहीस, ही तुझ्या मरण्यातली माझी एकमेव सोय.

तू आयुष्यात पटाशी हातात धरली नाहीस, अप्पा. लाकूड कातायचा खराद फिरू लागला की तू चार हात मागे सरायचास, धोतरावर भुसा उडतो म्हणून. तो वाडगा बोरी गावच्या किसनने केला. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

पण आधी जे तुझं आहे ते तुला देतो. मी शाळेत मुलांना केळी आणि सुरई काढायला शिकवणारा मास्तर. सुरईकडे पाहायचं कसं, हे मला तुझ्या वखारीत समजलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तू किसनने कातलेली भांडी दारातल्या उजेडात फळीवर ठेवायला लावायचास आणि एक डोळा मिटून बसायचास. "मास्तर, आधी घाट बघ," म्हणायचास. "बाहेरची रेघ बुडापासून काठापर्यंत एका दमात गेली पाहिजे. मध्ये कुठं थांबली की समज कातणाऱ्याचा हात भ्याला." मी पाहायचो आणि खरंच ती जागा सापडायची. पोटाच्या थोडं खाली एक सपाट ठिकाण, जिथे रेघ अडखळलेली असे. त्या दिवसापासून मला घागर, रांजण, गाडीचं चाक, काही साधं दिसेनासं झालं. बायको म्हणायची, भांड्यांच्या दुकानात तुम्हाला नेणं म्हणजे शिक्षा आहे. ही शिक्षा तू दिलीस. तिच्याबद्दल मी तुझा ऋणी आहे आणि हे उपरोधाने म्हणत नाही.

सालकाठाच्या भांड्यांचं वेड तुझंच. अर्धं चिरलेलं खोड सालीची बाजू तोंडाकडे ठेवून कातलं की काठ सरळ येत नाही. दोन बाजूंनी वर चढतो, दोन बाजूंनी खाली उतरतो, घोड्याच्या खोगिरासारखा. वर चढलेल्या बाजूंना तू पंख म्हणायचास. गावातले सुतार हसायचे. "अप्पा, काठ कापायचा राहिला का हो?" तू त्यांना म्हणायचास, "झाड कुठं वाकलं होतं ते काठाला आठवतं. तुम्ही ती आठवण कापता आणि वर मजुरी मागता." बोलायला तू पटाईत होतास. वासे घ्यायला आलेल्या माणसाला तू घाटावर व्याख्यान द्यायचास आणि बिचारा तुळई घेऊन जायचा.

आणि पंख सारखे हवेत की नकोत, यावर तुझं आणि किसनचं जे चालायचं ते ऐकायला मी शाळा सुटली की घरी न जाता वखारीत यायचो.

किसन तेव्हा तिशीच्या आतला. कातकाम तो सरकारी शाळेत शिकला होता, घराण्याचा धंदा नव्हता, आणि याचं त्याला दडपण नव्हतं, गुर्मी होती. नम्रपणा त्याच्या अंगाला शिवलेला नव्हता. स्वतःचा वाडगा फळीवर ठेवला की म्हणायचा, "ह्यो बगा. बाकीचे चुलीत घाला." बाभूळ थंडीत तोडलेलीच हवी म्हणून तो तुझ्याशी भांडायचा. पावसाळ्यात तोडलेल्या लाकडाची साल खरादावर सुटते आणि काठाचा जीव जातो.

"अप्पा, हे श्रावणातलं लाकूड हाय. साल टिकत न्हाई."

"डिंकानं चिकटव."

"डिंकानं? मंग मिशी बी चिकटवतो की एखाद्याला. नवरदेव दिसंल."

तू हसायचास. सुरुवातीला त्याने एका वाडग्याचे दोन्ही पंख मोजूनमापून सारखे केले होते. तू त्याला म्हणालास, "सारखेच करायचे होते तर साल कशाला ठेवलीस? खोड एका अंगाला वाकलेलं आहे, तर एक पंख उंच येऊ दे. काठ कमीजास्त असू दे, खालच्या घाटानं त्याला पेललं पाहिजे. त्यालाच तोल म्हणतात." किसनने वाडगा उचलून पंखांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे लय खरं बोललाव, अप्पा." त्या दिवसापासून त्याने पंख सारखे केले नाहीत. ही शिकवण तुझी होती, हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तुझी दुसरी शिकवण अशी की, भांडं डोळ्यांनी पाहावं, हातांनी नाही. "हात लबाड असतो, मास्तर. हाताला उबदार लागलं की डोळा फसतो." तू हात पाठीमागे बांधून किसनच्या वाडग्यांभोवती फिरायचास. मला हे इतकं पटलं की मी शाळेत वीस वर्षं तेच शिकवलं. मुलांना हात पाठीमागे बांधून सुरईसमोर उभं करायचो. शाळेची तपासणी झाली तेव्हा माझ्या या पद्धतीचं कौतुकही झालं होतं.

मग नामांतराची ती वर्षं आली. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून गावोगाव घरं वेगळी झाली, काही ठिकाणी जळली. मानवतच्या बाजारात माणसं एकमेकांशी मोजकं बोलू लागली. किसन मोर्च्यांना जायचा, लपवून नाही. वखारीत येताना खिशाला निळी फीत तशीच लावलेली असायची. तुझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी तरी काही म्हणालं असेल, कुणी तरी दुसरीकडून लाकूड घेतलं असेल. तू मला एवढंच म्हणालास, "मास्तर, किसनचा तोल गेलाय."

मी तेव्हा मान हलवली. शब्द तुझा नेहमीचाच होता. तो भांड्यावरून माणसावर कधी सरकला, ते मला दिसलं नाही. घाटातली अडखळलेली जागा एका नजरेत शोधणारा मी.

परभणीला कातकाम शिकवायचं केंद्र निघणार होतं आणि शिकवायला एक जण हवा होता. कुणाचं काम उत्तम ते पाहून निवड होणार होती. परीक्षक तीन. परभणीहून आलेले एक साहेब, तू, आणि तुझ्यामुळे मी. शाळेच्या मोठ्या खोलीत बाकांवर पांढरी चादर घालून भांडी मांडली होती. खरं तर दोनच भांडी बोलण्यासारखी होती. एक मानवतच्याच एका सुताराचा सरळ काठाचा कटोरा आणि दुसरा किसनचा हा वाडगा. साहेबांना काठाचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, "तुम्ही जाणकार. तुम्ही सांगा."

तू सुताराचा कटोरा उचललास, उलटा केलास, बुडावर बोटाच्या पेराने टिचकी मारलीस. वजन हातावर जोखलंस. "ठीक आहे," म्हणालास. मग किसनच्या वाडग्यापुढे आलास आणि हात पाठीमागे बांधलेस.

किसन भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांसारखाच उमेदवार, पण सगळ्यांपेक्षा खुशीत. त्याला निकाल ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. जागा मिळाली तर बोरीहून आईला परभणीला आणणार, हे त्याने सकाळीच मला सांगितलं होतं.

तू एक डोळा मिटलास. "साहेब, एक पंख उंच आहे. बघा, कलतोय. काम बरं आहे, पण तोल नाही."

मी तुझ्याकडे पाहिलं. काठ कमीजास्त असू दे, हे वाक्य ज्या तोंडातून मी ऐकलं होतं त्याच तोंडातून हे निघालं. साहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमचं मत?"

मी म्हणालो, "घाट उत्तम आहे. तोलाचं अप्पा म्हणतात ते बरोबर."

अप्पा, तू निदान खोटं स्वतःचं बोललास. मी उसनं बोललो.

किसन भिंतीपासून सुटा झाला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "कुनाचा तोल न्हाई अप्पा? भांड्याचा का माझा?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. किसन माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुमी तर चित्रं काढताव," आणि निघून गेला. वाडगा तिथेच ठेवून गेला. सुताराला जागा मिळाली. तो पुढची सगळी वर्षं पोरांना सरळ काठ शिकवत राहिला. चांगला माणूस आहे, त्याचा यात काही दोष नाही.

त्यानंतर किसन तुझ्या वखारीत आला नाही. पिंगळीला स्टेशनच्या बाजूला एका पत्र्याखाली त्याने खराद लावला. खाटेचे पाय, लाटणी, भोवरे. तू मला सांगायचास, "बघ, भोवरे करतोय. एवढाच जीव होता." तुझ्या तोंडून असं ऐकून मला बरं वाटायचं. आपण चुकलो नाही, याचा तो रोजचा खुराक होता.

आणि मग ते पिंगळी स्टेशन. आपण एका लग्नाहून परत येत होतो, पॅसेंजरला उशीर होता. किसनने आपल्याला पाहिलं आणि पत्र्याखालून बाहेर आला. हातात नवा भोवरा.

"कसं काय अप्पा, तोल बरा हाय ना?"

तू फलकावरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचू लागलास. तुला त्यात काय सापडत होतं कुणास ठाऊक, गाडी एकच होती.

किसनने दोरी गुंडाळली, भोवरा हवेत सोडला आणि तो खाली पडायच्या आत स्वतःच्या तळव्यावर झेलला. फिरता भोवरा घेऊन तो माझ्याजवळ आला. "हात करा, गुरुजी." मी हात पुढे केला. त्याने तो माझ्या तळव्यावर उतरवला. इतका स्थिर की फिरतोय हे फक्त गुदगुल्यांवरून कळावं.

"ह्ये असं बगावं लागतंय," तो म्हणाला. "लांबून बगून तोल कळत न्हाई. अप्पांनी सुताराचं भांडं कसं उचलून बगितलं?"

भोवरा माझ्या हातावर फिरत होता आणि माझ्या डोक्यात तुझे हात फिरत होते. सुताराच्या कटोऱ्याखाली गेलेले हात. वखारीत इतरांची भांडी उलटीपालटी करणारे हात. आणि किसनच्या भांड्यापुढे, दर वेळी, सगळी वर्षं, पाठीमागे बांधलेले हात. जेवणाचं भांडं, ते किसनच्या हातचं. बस, एवढंच. भांडं डोळ्यांनी पाहावं, हात लबाड असतो. शिवाशिवीला इतकं देखणं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. आणि ते मी वीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांचे हात बांधून.

तुमच्या पंथाच्या शिकवणीत शिवाशिव बसत नाही, हे तूच मला अभिमानाने सांगायचास. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगायचास.

गाडी आली, आपण चढलो, तू खिडकीकडे बसलास आणि म्हणालास, "लग्नात वरण पातळ होतं." मी म्हणालो, "होतं."

वाडग्याचं काय झालं, ते तर तुझ्या सबंध आयुष्यातलं सगळ्यात हुशारीचं काम. शाळेने सामान आवरताना तो तुझ्या नमुन्यांच्या पोत्यात घातला. तो घरी आला. तू त्याला जवसाचं तेल पाजायला लावलंस आणि बैठकीतल्या कपाटावर ठेवलास. पाहुणे विचारायचे. पहिल्यांदा तू म्हणालास, "आमच्या वखारीतल्या लाकडाचा आहे." खरंच होतं. वर्षभराने तो "आमच्या वखारीतला" झाला. मग नुसता "आमचा". शेवटी एक पाहुणा म्हणाला, "अप्पा, तुमच्या हातात जादू आहे हो," आणि तू सुपारी कातरत हसलास. त्या हसण्यात तू तो पुरा केलास, खरादाला हात न लावता.

आणि आता तू त्याला हात लावू लागला होतास. त्यात वेलदोडे ठेवायचास. उचलून पाहुण्यांपुढे धरायचास, मलाही द्यायचास. नाव बदललं आणि विटाळ गेला. अप्पा, नाव बदलून काय होतं, असं तू चौकात सगळ्यांना विचारत होतास ना? तुझ्या घरातच उत्तर होतं. अख्ख्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावर वाद चालला होता, तेव्हा तू एका वाडग्याचं नामांतर करून मोकळा झालास. मोर्चा नाही, लाठी नाही.

एकदा मी धीर केला होता. तुला आठवत असेल. मी म्हणालो, "अप्पा, हा किसनचा आहे."

"लाकूड माझं, खराद माझा, जागा माझी. किसनचं काय आहे त्यात?"

"हात."

"हात तर तुझ्या शाळेतल्या पोरांनाही आहेत, मास्तर."

तो वाद तिथेच राहिला. मी उठून आलो आणि पुढचा अख्खा उन्हाळा तुझ्याकडे फिरकलो नाही. मग आलो. कारण मानवतमध्ये मला घाटावर बोलायला दुसरं माणूस नव्हतं. माझी लाज एवढ्या स्वस्तात विकली जाते, हे तुलाही ठाऊक होतं. तू माझ्यापुढे वाडगा सरकवलास. मी त्यातला वेलदोडा घेतला.

या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. जुनं नाव ठेवून पुढे नवं जोडलं. तू अंथरुणावर होतास, तरी म्हणालास, "नामांतर नव्हे, विस्तार झाला." तुझी शेवटची विनोदबुद्धी. मी तिळगूळ घेऊन आलो होतो. तुझ्या जिभेला चव राहिली नव्हती, पण तू तो चघळत राहिलास आणि कपाटाकडे पाहत होतास. मला वाटलं तू काही सांगशील. तू म्हणालास, "कपाटाला वाळवी लागली बघ." मग काही दिवसांनी तू गेलास.

शोकसभेनंतर दोन रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते तुझ्या सूत्रसंचालकासारखं होईल. मला झोप नीट लागली. सकाळी उठल्यावर लाज वाटली ती त्याचीच. मी सरळ तुझ्या घरी गेलो आणि शिवराजला सगळं सांगितलं. तो तुझ्यापेक्षा सरळ आहे, तुझ्यापेक्षा भित्राही.

"काका, आता कशाला?" तो म्हणाला. "वाचनालयाला कळवून झालंय. लोक काय म्हणतील?"

"लोक परवा काय म्हणाले ते ऐकलंस ना? त्यापेक्षा वाईट काय म्हणणार?"

सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजींनी हा केला असं ते कधी स्वतः म्हणाले नाहीत. मी ऐकत होते, ते नुसतं हसायचे." तुझ्या घरात तुझं हसणं ओळखणारं एक माणूस होतं, अप्पा. तू तिला फक्त चहा सांगायचास.

शिवराजने थोडा विचार करून मध्यम मार्ग काढला. "असं करू. 'कै. मन्मथअप्पा यांच्या वखारीतील वाडगा', आणि खाली लहान अक्षरात, 'घडवणारे किसन'. दोघांचं राहील."

आधी किसनला विचारतो, असं सांगून मी वाडग्यातली सुकलेली फुलं बाहेर काढली, वाडगा पंच्यात गुंडाळला आणि एसटीने परभणी, तिथून पिंगळी गाठलं.

किसनचा पत्रा अजून तिथेच आहे. डोक्यावर आता त्याचे केस पिकलेत, गुर्मी काळीच आहे. मी पंचा सोडला. त्याने वाडगा पाहिला, पण लगेच घेतला नाही. आधी हातावरचा भुसा झटकला. मी त्याला सभेचं सांगितलं, काचेच्या पेटीचं सांगितलं, आणि शिवराज काय लिहायचं म्हणतो तेही सांगितलं.

तो मोठ्याने हसला. "हितं बी विस्तारच का, गुरुजी?"

मग मी ते म्हणालो. त्या खोलीत म्हणायचं होतं ते. "किसन, त्या दिवशी तुझा वाडगा उत्तम होता. मी खोटं बोललो. तोल होता."

किसनने वाडगा उलटा केला. अंगठा आत, बोट बाहेर, असा काठापासून बुडापर्यंत चिमटीत धरत गेला. बुडाशी आल्यावर थांबला.

"न्हवता," तो म्हणाला.

मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय.

"हात द्या." त्याने माझी बोटं धरून त्याच जागी नेली. काठाला भिंत जोंधळ्याच्या भाकरीएवढी पातळ होती. खाली येता येता ती जाड होत गेली आणि बुडाशी एका अंगाला चांगली जाड होती. मी इतकी वर्षं तो वाडगा पाहिला होता, त्यातले वेलदोडे खाल्ले होते. बुडाला कधी बोट लावलं नव्हतं.

"घाई झाली होती मला," किसन म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता. बूड जाड राह्यलं, एका अंगाला जास्त. म्हनून कलतोय. पंखानं न्हाई कलत. मला तवाच ठावं होतं. मनात म्हनलं, उचलून बगितलं की धरतेत आपल्याला. भेव वाटायलं होतं." तो वाडगा परत सरळ करून म्हणाला, "तुमी दोगंबी काठाकडंच बगत बसलाव. बूड कुनी बगितलंच न्हाई. बिनबुडाची मानसं."

तो पुढे म्हणाला, "उचलून बगितलं असतं आन् न्हाई म्हनलं असतं ना, तर मी दुसरा करून आनला असता. त्याच्यावरनं भांडलो असतो, शिकलो असतो. न बगता न्हाई म्हनलाव. त्याला काय करावं मानसानं?"

अप्पा, आपला निकाल बरोबर होता. मला ही गोष्ट तुला सगळ्यात आधी सांगावीशी वाटली, आणि सांगायला तू नाहीस, याचं मला त्या पत्र्याखाली खरं दुःख झालं. शोकसभेत झालं नव्हतं. आपण खोटं बोललो आणि ते चुकून खरं निघालं. एवढी नजर आणि एवढा आंधळेपणा एका माणसात मावतो, आणि त्या माणसावर माझा जीव होता. तू उचलला असतास तर एका टिचकीत तुला ते कळलं असतं. तुझ्यासारखं बूड मानवतमध्ये दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

मी किसनला म्हणालो, "तुझाच आहे, ठेव."

"मला नगं. खराब माल घरात ठिवत न्हाई मी." त्याने तार तापवली आणि वाडग्याच्या जाड बुडावर सावकाश अक्षरं उमटवली. किसन, बोरी. बाभळीचा जुना वास सुटला. "खराब हाय," तो म्हणाला, "पर माझा हाय. जा घेऊन. काचंच्या पेटीत उलटा ठिवा म्हनावं."

मी तो शिवराजला नेऊन दिला. त्याने बूड वाचलं, बराच वेळ बोटाने चाचपलं. मग वाचनालयाच्या लोकांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, काका, म्हणाला. मी सांगितलं. ते म्हणाले, असा वाडगा आम्हाला नको, आम्हाला अप्पांची आठवण हवी होती. काचेची पेटी परत गेली.

तेव्हा वाडगा तुझ्याच बैठकीत आहे. कपाट वाळवीने खाल्लं म्हणून फळीवर, तुझ्या फोटोखाली, किसनने सांगितला तसा उलटा, बूड वर. सूनबाईने पंखांखाली कापडाची चुंबळ देऊन ठेवला. बूड वर असलं की तो कलत नाही. आल्यागेल्याला नाव वाचता येतं, आणि ज्याला खात्री करायची असेल त्याला हात लावावा लागतो.